सॅकमध्ये तळाशी

“दादा, चाकू आहे का?”

त्यानं विचारलं तेव्हा चाकू माझ्या कमरेलाच होता. पट्ट्याला अडकवलेल्या खोळीत, जॅकेटच्या आड. रात्रभर पाऊस झोडपून गेला होता. तंबूचं कापड भिजून जड झालेलं, बुटांत पाणी पचपचत होतं, आणि आमच्यातला सगळ्यात धाकटा मुलगा खुंटीपाशी उकिडवा बसून एका गाठीशी झटत होता. वाऱ्यानं ओढून ओढून ती गाठ खड्यासारखी घट्ट झाली होती, वरून चिखलाचं लिंपण. त्याची बोटं गारठलेली, नखं भिजून मऊ पडलेली. सुटेना म्हणून त्यानं मान वर करून विचारलं, आणि मी जराही न अडखळता म्हणालो, “आहे रे, पण सॅकमध्ये तळाशी आहे.”

त्यानं “बरं” म्हटलं, दोरी तोंडात धरली, मान वाकडी करून दाढेखाली रगडली आणि तोडली. मग थू थू करत चिखल थुंकला. मी शेजारी उभा राहून तंबूच्या काठ्या मोजत होतो. नऊ होत्या. दोनदा मोजल्या.

इतक्या साध्या गोष्टीसाठी खोटं का बोललो, याचं उत्तर मला तेव्हाही ठाऊक होतं. चाकू नवा होता. चाकू कसला, मल्टिटूल. पक्कड, दोन पाती, कात्री, करवत, कानस, पेचकस, टोच्या, आणि आणखी काहीबाही मिळून अठरा हत्यारं. घेऊन चार महिने झाले होते आणि अंगावर एक ओरखडा नव्हता. चिखलाची दोरी कापायची म्हणजे वाळू कापायची, आणि वाळू म्हणजे धारेचं वाटोळं. बिजागरीत शिरली तर उघडता-मिटताना करकर कायमची. हे सगळं त्या एका क्षणात डोक्यातून गेलं. ज्या कामासाठी ते घेतलं होतं नेमकं तेच काम समोर येऊन बसलं, तेव्हा मला कीव आली ती हत्याराची.

घेताना मी फार अभ्यास केला होता. तीन आठवडे, रोज रात्री जेवण झाल्यावर. पोलादाच्या जातींची नावं पाठ झाली होती: ४२० एचसी, १२ सी २७, ८ सीआर १३ एमओव्ही. औषधाच्या बाटलीवर वाचावं तसं वाचायचो आणि तितकंच समजायचं. चाकूंबद्दल लिहिणारी-बोलणारी माणसं एकंदरीत जगबुडीच्या तयारीत असतात. त्यांचं ऐकता ऐकता मलाही वाटायला लागलं की आपल्याला एक ना एक दिवस जंगलात झोपडी बांधावी लागणार आहे. प्रत्यक्षात गेल्या वर्षभरात मी उघड्यावर जे काही कापलं होतं त्याची यादी केली असती तर ती अशी झाली असती: दोरी, चिकटपट्टी, प्लॅस्टिकच्या पिशव्या, एकदा बँडेज, एकदा बुटाची नाडी. पण ती यादी मी केली नाही. यादी केली असती तर मोठी खरेदी करायची सबबच उरली नसती.

स्टील जितकं कडक तितकी धार जास्त टिकते, हे सगळे सांगतात. त्याची दुसरी बाजू मला फार उशिरा कळली. कडक स्टीलची धार एकदा उतरली की ती परत आणायला हिऱ्याचा चुरा बसवलेली पट्टी आणि भरपूर निवांतपणा लागतो, आणि अशा पात्याला आडवा ताण दिला तर ते वाकत नाही, त्याचा टवका उडतो. स्विस खिशातल्या चाकूंचं स्टील रॉकवेल या कडकपणाच्या मापानं ५५-५६ च्या आसपास असतं, म्हणजे मऊसरच. त्याची धार लवकर जाते खरी, पण चिनी मातीच्या कपाच्या बुडाला जी बिनचकाकीची खरखरीत कड असते ना, तिच्यावर दोन्ही बाजूंनी पाच-पाच वेळा ओढलं की चाकू पुन्हा कामाला लागतो. कप कुठल्याही घरात मागितला तर मिळतो. मागायची लाज वाटत नसली तर.

बाबांकडे एक घडीचा चाकू होता. कुठल्या कंपनीचा, कुठल्या स्टीलचा, हे त्यांना विचारलं असतं तर त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं असतं. मुठीची एक बाजू शिंगाची होती, दुसरी कधीतरी तुटली म्हणून त्यांनी लाकडाची बसवली होती, आणि दोन्ही बाजू आता एकाच रंगाच्या झाल्या होत्या. पातं धार लावून लावून इतकं झिजलं होतं की मधला भाग आत गेला होता, चतकोर चंद्रासारखा. मला लहानपणी वाटायचं की चाकू असाच असतो, असाच विकत मिळतो. माझ्या पेन्सिली त्यानंच तासल्या जायच्या. बाबा अंगठा पात्याच्या पाठीवर ठेवून पेन्सिल मागे ओढायचे, पातं पुढे ढकलायचे नाहीत. लाकडाची सालपटं उलगडत खाली पडायची आणि शिश्याचा गोडसर, धातूसारखा वास यायचा. कुणीही चाकू मागितला तर त्यांचा हात आधी खिशात जायचा आणि मग ते “कशाला?” विचारायचे. बऱ्याचदा विचारायचेही नाहीत.

आल्प्सच्या बर्फात १९९१ साली सापडलेला तो माणूस आठवतो, ओट्झी. सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्याजवळ गारगोटीच्या पात्याचा एक छोटासा खंजीर होता, मूठ अॅश झाडाच्या लाकडाची, आणि झाडाच्या अंतर्सालीची विणलेली खोळ. पण मला खंजिरापेक्षा त्याच्याजवळची दुसरी वस्तू जास्त आवडते: जाड पेन्सिलीसारखी दिसणारी लाकडाची कांडी, टोकाला हरणाच्या शिंगाचा तुकडा ठोकलेला. दगडाच्या पात्याचे बारीक कपरे उडवून त्याला पुन्हा धार काढायचं ते साधन. पुढे अभ्यासकांनी त्याची दगडी हत्यारं भिंगाखाली तपासली तेव्हा ती वापरून, पुन्हा धार काढून, पुन्हा वापरून अगदी लहान उरलेली दिसली. नवी गारगोटी त्याला बरेच दिवस मिळाली नसावी. हे वाचलं तेव्हा मला बाबांच्या चाकूचं ते आत गेलेलं पातं दिसलं.

तो चाकू आता नाही. बाबांनंतर माझ्याकडे आला आणि मी तो विमानतळावर घालवला. हातातल्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात राहून गेला होता, तपासणीत निघाला. चाकू मोठ्या सामानात घालायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, विसरलो. मागं जायला वेळ नव्हता. पारदर्शक डबा होता, त्यात कात्र्या, लायटर, नखं कापायची यंत्रं पडलेली. मी स्वतःच्या हातानं त्यात टाकला. आवाज झाला नाही, खाली कुणाची तरी कंगव्याची पिशवी होती.

त्यानंतर काही वर्षं मी चाकू ठेवलाच नाही. मग एकदा अगदी स्वस्तातलं एक मल्टिटूल घेतलं, नावाजलेल्या एका मॉडेलची हुबेहूब नक्कल. चकचकीत, जड. पहिल्या पंधरवड्यात पेचकसाचं टोक स्क्रूच्या खाचेत पिळलं गेलं, मऊ चॉकलेटसारखं. मग पकडीचा रिवेट सैल झाला आणि जबडे एकमेकांना चुकवून मिटायला लागले. हे चाललं असतं. पण पात्याला लॉक होतं, आणि लॉक म्हटलं की माणूस निर्धास्त होतो. एका फांदीत टोक खुपसून जरा पिळलं, तर लॉक सुटलं आणि पातं माझ्या तर्जनीवर मिटलं. तीन टाके. त्यापेक्षा साधी स्प्रिंग असलेला, लॉक नसलेला चाकू बरा. तो आपल्याला सतत आठवण करून देतो की तो मिटू शकतो, आणि हात आपोआप जपून चालतो. नवा घडीचा चाकू हातात आला की मी आता पहिली गोष्ट ही करतो: पातं उघडून टोक आणि मूठ दोन हातांत धरतो आणि वर-खाली, डावी-उजवीकडे हलवून पाहतो. खुळखुळलं तर कितीही देखणा असो, परत ठेवून देतो. मग लॉक लावून पात्याची पाठ लाकडावर हलकेच आपटतो, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवून.

स्वस्त हत्याराचा विषय निघाला की कुणीतरी हमखास २००३ सालच्या त्या अमेरिकन गिर्यारोहकाची, आरन राल्स्टनची गोष्ट काढतो. यूटामधल्या एका घळीत दगडाखाली त्याचा हात अडकला आणि पाचव्या-सहाव्या दिवशी त्यानं तो मल्टिटूलनं कापून सुटका करून घेतली. हत्यार साधं होतं, पातं बोथट. लोक सांगतात, बघा, चांगलं घेतलं असतं तर! मला हे पटत नाही. तो आधी त्या पात्यानं दगड खरवडत बसला होता, सुटायला दुसरा मार्ग दिसत नव्हता म्हणून. जगातलं सगळ्यात महागडं पातंही त्या दगडावर बोथटलंच असतं. त्या गोष्टीतून चाकूच्या किमतीबद्दल काही शिकावं असं मला वाटत नाही; आपण कुठं चाललोय हे कुणाला तरी सांगून निघावं, एवढं मात्र मी तेव्हापासून पाळतो.

पण स्वस्त नक्कल वाईट निघाली म्हणून मी थेट दुसऱ्या टोकाला गेलो, ही माझी खरी चूक. मधला मुक्काम मोठा होता आणि तिथं शंभर वर्षं जुनी, शहाणी हत्यारं बसलेली होती. चाकू बनवणाऱ्या कार्ल एल्सेनरनं १८९१ मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू पुरवले तेव्हा त्यात चारच गोष्टी होत्या: पातं, डबा उघडायचं साधन, टोच्या आणि बंदूक खोलायला पेचकस. सैनिकाला जे लागतं तेवढंच. तो सुप्रसिद्ध लाल चाकू, दुसरं छोटं पातं आणि बूच काढायचा स्क्रू असलेला, १८९७ चा, आणि सैन्यानं तो अधिकृत सामानात घेतलाच नाही. अधिकारी स्वतःच्या खिशातून विकत घ्यायचे. म्हणजे ‘हवासा’ आणि ‘लागतो तेवढा’ या दोन चाकूंचं भांडण तेव्हापासूनच आहे, आणि अधिकाऱ्यांनीही माझ्यासारखंच केलं, हे वाचून मला थोडं बरं वाटलं होतं.

मल्टिटूलचा जन्म तर सरळ अडचणीतून झाला. टिम लेदरमन नावाचा एक अमेरिकन १९७५ मध्ये एका जुन्या, सारख्या बिघडणाऱ्या फियाटमधून बायकोबरोबर युरोप फिरत होता. खिशात चाकू होता, पण वेळोवेळी लागायची ती पक्कड. चाकूला पक्कड असती तर! या एका ‘तर’पायी त्याची आठ वर्षं गेली; पहिली विक्री १९८३ मध्ये झाली. मला यातला महत्त्वाचा शब्द ‘पक्कड’ वाटतो. मल्टिटूल घेण्याचं एकमेव पटणारं कारण पक्कड आहे. स्टोव्हची झडप अडकली, तंबूची चेन दातांवरून घसरली, गरम भांडं उचलायचंय, बुटाचा तळ सुटून तारेनं बांधायचाय, कुणाच्या तळव्यात काटा आत मोडलाय: इथं चाकू काही करू शकत नाही. बाकीची हत्यारं मुख्यतः वजन आहेत. माझं अडीचशे ग्रॅमचं होतं, आणि दिवसभर चढल्यावर ते अडीचशे ग्रॅम कमरेच्या हाडाला नेमके ठाऊक असतात.

त्या दिवशी दुपारी पुन्हा चाकूची गरज लागली. सॅकचा पट्टा तुटला होता आणि त्या मुलाला दोरीचे चार सारखे तुकडे हवे होते. यावेळी त्यानं मला विचारलं नाही. आमच्यात साठीच्या एक ताई होत्या, कमी बोलणाऱ्या, सगळ्यांच्या पुढे चालणाऱ्या. त्यानं त्यांना विचारलं, आणि त्यांनी नकाशावरची नजर न काढता खिशातून चाकू काढून त्याच्याकडे टाकला. मिटलेला, लाकडी मुठीचा, फिरत्या कड्याचा. त्यानं झेलला, कापाकापी केली, मग झाडाच्या चिकानं माखलेल्या एका काठीला टोकही काढलं. ताईंनी एकदाही वळून पाहिलं नाही. मी पाहत होतो.

संध्याकाळी स्टोव्हचा स्क्रू अडकला. बोटांनी फिरेना. सगळे भुकेले, वारा सुटलेला, आणि पक्कड एकट्या माझ्याकडे. मी जॅकेट वर केलं आणि कमरेच्या खोळीतून ती काढली. मुलगा समोरच बसला होता. त्याचा चेहरा उजळला.

“अरे वा, सापडला का दादा?”

त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. मी आजवर कितीदा तरी ते वाक्य मनात पुन्हा वाजवून पाहिलंय, त्यात टोमणा शोधलाय. असता तर हिशेब मिटला असता. मी “हो” म्हणालो आणि मान खाली घालून स्क्रू फिरवला. स्क्रू लगेच सुटला.

झोपण्याआधी मी ताईंकडून तो लाकडी चाकू मागून घेतला, टाचेला आलेल्या फोडावर चिकटवायच्या पट्टीचे कोपरे गोल करायला. हे काम माझ्या कात्रीनंही झालं असतं. पण मला तो हातात धरून पाहायचा होता. ओपिनेल, आठ नंबर. फ्रान्समधल्या सावोयात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये बनवायला सुरुवात केली, आणि रचना म्हणाल तर जवळजवळ काहीच नाही: बीच झाडाच्या लाकडाची मूठ, तिला एक चीर, एक पातं, एक खीळ. उघडं पातं अडकवून ठेवणारं फिरतं कडं १९५५ मध्ये आलं, तो केवढा मोठा बदल. पातं साडेआठ सेंटिमीटर, सगळं मिळून वजन पन्नास ग्रॅमच्या आत. ताईंचा कार्बन स्टीलचा होता, पातं काळपट निळं पडलेलं, पावसाच्या दिवसांत पुसून तेलाचं बोट फिरवलं नाही तर रात्रीत तांबूस ठिपके धरणारं. पावसानं लाकूड फुगलं होतं आणि पातं निघेना. ताईंनी माझ्या हातातून घेतला, कडं फिरवून मोकळं केलं, मुठीचं मागचं टोक दगडावर टक्कन आपटलं, तसं पातं आपोआप अर्ध्या बोटाएवढं बाहेर आलं. “असं,” त्या म्हणाल्या. एवढंच. माझ्या मल्टिटूलच्या किमतीत असे कितीतरी आले असते.

घरी आल्यावर मी एक स्वस्त चाकू घ्यायचं ठरवलं आणि पुन्हा तीन आठवडे घालवले नाहीत, दोन संध्याकाळी घालवल्या. मन आधी स्वीडनमधल्या ‘मोरा’ नावाच्या न मिटणाऱ्या चाकूवर बसलं होतं. त्यात एक सरळ हिशेब आहे: बिजागरी नाही, स्प्रिंग नाही, लॉक नाही, म्हणून तेवढ्याच पैशात जास्त मजबूत पातं मिळतं, आणि मिटणारं काही नसल्यानं बोटावर मिटायची भीतीही नाही. लाकूड फोडायचं, खुंट्या तासायच्या असतील तर तोच घ्यावा. घडीच्या चाकूच्या पाठीवर दगड हाणून लाकूड फाडणारे लोक थोड्याच दिवसांत नवा चाकू शोधत असतात. पण तो खिशात मावत नाही, आणि म्यानातला चाकू कमरेला दिसला की वाटेत भेटणारी माणसं जरा लांबून जातात. कायदाही जागोजागी वेगळा. ब्रिटनमध्ये तर तीन इंचांच्या आतलं आणि लॉक नसलेलं घडीचं पातं तेवढं खास कारण नसताना खिशात बाळगता येतं, म्हणजे ताईंचा चाकू तिथं दोन्ही कसोट्यांवर नापास. शेवटी मी तोच घेतला, आठ नंबर, पण स्टेनलेस पात्याचा, कारण तेलाचं बोट रोज फिरवणारा माणूस मी नाही. अर्धं पातं दातेरी असलेले बरेच होते, ते टाळले. दाते दोरी झपकन कापतात, पण बोथट झाले की कपाच्या बुडावर त्यांचं काही चालत नाही. मुठीला भोक पाडून नारिंगी दोरी ओवली. गवतात पडला तर दिसायला हवा.

मल्टिटूल विकलं नाही. पक्कड पक्कड आहे. ते आता सॅकमध्ये असतं, आणि खरोखरच तळाशी असतं.

नव्या चाकूबरोबर पहिला मुक्काम झाला तेव्हा दुसऱ्याच एका गटातल्या कुणीतरी तंबूंच्या ओळीपलीकडून हाक मारली, चाकू मिळेल का. मी लगेच उठलो. जरा जास्तच लगेच. नेऊन दिला, कडं कसं फिरवायचं ते दाखवलं, “सावकाश द्या” असंही म्हणालो. परत येऊन बसलो. पाच मिनिटांनी हात खिशाकडे गेला. खिसा रिकामा. पुन्हा बोलण्यात मन घातलं. कोणीतरी वाट चुकल्याची गोष्ट सांगत होतं, मी हसायच्या जागी हसलो. ऊन उतरलं. त्या बाजूनं ठकठक आवाज येत होता, काहीतरी ठोकल्याचा, आणि मी ऐकत होतो की ठोकतायत ते दगडानं की मुठीनं.

अंधार पडताना त्यांच्यातली एक मुलगी चाकू घेऊन आली. “थँक यू काका.” पात्याला टोकापासून बुडापर्यंत चिकटपट्टीचा काळा चिकटा होता, आणि टोकाचा एक कण उडालेला होता, तांदळाच्या कणीएवढा. मी “असू दे” म्हणालो. ती गेल्यावर कपाळावरचा दिवा लावला, पातं उजेडात धरलं आणि अंगठ्याच्या नखानं चिकटा खरवडत बसलो.